जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज किंवा लिनक्स बसत नाहीये? या क्रमाने तपासत जा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. "दादा, पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल चालू झालं आणि मध्येच अटकलं." "सगळं झालं, रिस्टार्ट केलं तर नो बूटेबल डिव्हाइस, आते काय करू भो?" आणि आतापर्यंत काय काय केलं असं विचारलं की उत्तर येतं, वेगवेगळ्या आयएसओ (विंडोज-लिनक्सच्या इन्स्टॉल फाइली) टाकून पाहिल्या, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसेल ते बदललं, रॅम काढून परत लावली, आणि आता तर डिस्प्लेच येत नाही.

जुन्या मशीनवर इन्स्टॉलेशन फसतं तेव्हा बहुतेक वेळा आयएसओ बिचारी ठीकच असते. एकतर डिस्क, रॅम, बॅटरी, उष्णता यातलं काहीतरी नडतं, नाहीतर बूट मोड (मशीन चालू व्हायची पद्धत) आणि डिस्कची पार्टिशन पद्धत (तिचे भाग पाडायची पद्धत) यांचं एकमेकांशी जमत नसतं. आणि या दोन्ही गोष्टी पेनड्राइव्ह बनवायच्या आधीच कळू शकतात, पण तिथे कोणी बघत नाही.

इथे जुनं मशीन म्हणजे कोअर टू ड्युओपासून चौथ्या-पाचव्या जनरेशनच्या आय३, आय५ पर्यंतचं धरलंय. डीडीआर२ किंवा डीडीआर३ रॅम, साधी हार्डडिस्क, घरात किंवा दुकानात पडून असलेलं.

एक नियम पूर्ण लेखाला लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. बायोसमध्ये हात घालायच्या आधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे पण नंतर तेच वाचवतं.

१. आधी डेटा, आणि डी ड्राइव्हच्या भरवशावर राहू नका

"माझा सगळा डेटा डी मध्ये आहे, सी फॉरमॅट करा" हे वाक्य धोक्याचं आहे. सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नसतात, बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात. लिनक्स टाकताना "इरेज डिस्क" निवडलं किंवा डिस्क एमबीआरवरून जीपीटी (पार्टिशनच्या दोन पद्धती, चौथ्या पायरीत येतात) करायला साफ केली की डी सुद्धा गेला. म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच, आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार-पाच फाइली उघडून बघायच्या. नुसतं फोल्डर दिसतंय यावर समाधान मानू नका.

लोक डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतात, पण पुढच्या गोष्टी विसरतात:

- टॅलीचं डेटा फोल्डर, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लायसन्स. फॉरमॅट मारायच्या आधी टॅलीतूनच लायसन्स सरेंडर करायचं. नाहीतर नव्या इन्स्टॉलवर अॅक्टिव्हेट करताना सपोर्टला फोन लावत बसाल, आणि केळी ग्रुपचा किंवा जिनिंगचा हिशेब मार्चएंडला अडकला तर मालक तुम्हालाच धरणार.
- जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या लग्नपत्रिका, ठराव, अर्ज हे फॉन्ट नसले की नुसती खिचडी दिसते. फॉन्टच्या फाइली वेगळ्या कॉपी करून ठेवा.
- ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क.
- प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याच्या मशीनचा मॉडेल नंबर. ड्रायव्हर शोधताना तोच लागतो.

जुनी विंडोज चालूच होत नसेल तर घाबरू नका. लिनक्स मिंटचा (लिनक्सचा एक प्रकार) पेनड्राइव्ह पाचव्या पायरीप्रमाणे बनवा, त्यावरून इन्स्टॉल न करता नुसतं लाइव्ह चालू करा, फाइल मॅनेजर उघडा, विंडोजची डिस्क तिथे दिसते, तिथून बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्क नीट दिसत नसेल, कॉपी करताना फार अडखळत असेल किंवा टक-टक आवाज येत असेल तर तिथेच थांबा. महत्त्वाचा डेटा असेल तर अशी डिस्क पुन्हापुन्हा चालू-बंद करून बघण्यात तिचं उरलंसुरलं आयुष्य संपतं.

२. हार्डवेअर तपासणी: हीच पायरी सगळे गाळतात

*बॅटरी.* मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२ नावाची ३ व्होल्टची बॅटरी असते. कॉम्प्युटर चालू केल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या सालातली दिसत असेल किंवा दरवेळी एफ१ दाबायला लागत असेल तर ती संपली आहे, बदलून टाका. घड्याळाच्या दुकानात सुद्धा मिळते.

यात काय एवढं असं वाटेल, पण बघा काय होतं. तुम्ही बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय करून विंडोज टाकली, छान चालली, रात्री भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद केलं, बॅटरी मेलेली म्हणून बायोस सकाळी मूळ सेटिंगवर गेला, साटा मोड परत आयडीई झाला, आणि विंडोज उघडायच्या ऐवजी निळी स्क्रीन. मग माणूस म्हणतो विंडोज खराब आली, आणि परत फॉरमॅट मारतो. शिवाय तारीख चुकीची असली की इंटरनेटवर साइटी उघडत नाहीत, सर्टिफिकेटचे एरर येतात, अपडेट होत नाही.

*रॅम.* बंद करून, वायर काढून, रॅम बाहेर काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा ब्रशने झाडा, आणि दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्कन बसेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर त्यातली एकच लावून बघता येते. त्यानंतर मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासायचा प्रोग्राम वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकून निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी किंवा तो स्लॉट बाद. "एकच तर एरर आहे" असं इथे चालत नाही, कारण इन्स्टॉल करताना हजारो फाइली त्याच रॅममधून जातात.

*डिस्क.* विंडोज चालू असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो, आणि नसेल तर मिंट लाइव्हमधलं डिस्क्स नावाचं टूल, त्यात स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) बघा. दोन ओळी महत्त्वाच्या, रिअलोकेटेड सेक्टर काउंट आणि करंट पेंडिंग सेक्टर. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर इन्स्टॉल करायचा वेळ घालवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोने पिवळा कॉशन दाखवला तरी तेच. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या मशीनवर खर्च करायचाच असेल तर तो साटा एसएसडीवर करा. अगदी जुन्या बोर्डावर तिचा पूर्ण स्पीड मिळत नाही हे खरं, तरी हार्डडिस्कच्या तुलनेत फरक ताबडतोब जाणवतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या नाहीतर ऑनलाइन, पण बिल आणि वॉरंटी घ्या.

*उष्णता आणि धूळ.* आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, भुसावळवाल्यांना तर सांगायलाच नको. पत्र्याच्या खोलीत, प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची गोधडी, खाली वाळून दगड झालेली थर्मल पेस्ट, आणि दुपारी दोन वाजता इन्स्टॉल. मशीन मध्येच धाडकन बंद पडलं तर त्यात विंडोजचा काय दोष? कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारा, पण पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका. जिनिंगच्या जवळ ऑफिस असेल तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाचा तंतू अडकलेला असतो, तो ब्लोअरने निघत नाही, हीटसिंक काढूनच साफ करायला लागतो. काढलाच तर नवी पेस्ट लावल्याशिवाय परत बसवू नका. आणि उन्हाळ्यात हे काम सकाळी नाहीतर रात्री करा.

*वीज.* इन्स्टॉल आणि विशेषतः बायोस अपडेट करताना लाइट गेली तर वाट लागते. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका, आधी प्लग काढून तो किती मिनिटं टिकतो ते बघून घ्या, पुष्कळ यूपीएसच्या बॅटऱ्या नुसत्या नावाला असतात. लोडशेडिंगचं वेळापत्रक माहीत असेल तर त्याप्रमाणे बसा. बोर्डावरचे कॅपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर इन्स्टॉलेशनचा विषय बंद, आधी बोर्ड दुरुस्ती.

> इथे थांबून बघा: तारीख टिकते का? मेमटेस्ट साफ आला का? पेंडिंग सेक्टर शून्य आहे का? मशीन अर्धा तास बंद न पडता चाललं का? एकाचं जरी उत्तर नाही असेल तर पुढे जाऊ नका.

३. या मशीनला काय झेपेल ते ठरवा

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोम सुद्धा तिथे १०९ नंबरच्या व्हर्जनवर थांबलं. ऑनलाइन फॉर्म, बँक यासाठी ती आता नकोच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर सुरक्षा अपडेटसाठी घरगुती वापरकर्त्यांना वेगळी नोंदणी करून एक वर्षाची जादा मुदत ठेवली आहे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), यूईएफआय (चौथ्या पायरीत बघू), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. रुफस (पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून यातल्या काही अटी टाळता येतात हे सगळ्यांना माहीत झालंय, पण एक अट टाळता येत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सोयी लागतात, आणि त्या कोअर टू ड्युओमध्ये नाहीत. तिथे कितीही जुगाड करा, बूटच होणार नाही. त्यामुळे "कोअर टू ड्युओवर ११ टाकून देतो" असं कोणी म्हणत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा.

लिनक्समध्ये ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. २ जीबीवर चालू होते, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की रडते. मिंटची २२ ची मालिका २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये आहे. प्रोसेसर अगदीच जुना ३२ बिटवाला असेल, उदाहरणार्थ अॅटम एन२७० असलेले छोटे नेटबुक, तर ६४ बिटची कुठलीच आयएसओ चालणार नाही. तिथे डेबियन १२ किंवा अँटीएक्स या दुसऱ्या लिनक्सची ३२ बिट आयएसओ. डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केलाय हे लक्षात ठेवा. कोअर टू ड्युओ मात्र ६४ बिट आहे, लोक उगीच त्याच्यावर ३२ बिट टाकतात आणि ४ जीबी रॅम असून सव्वातीनच का दिसते म्हणून विचारतात.

आता काम काय आहे ते बघा. टॅली, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सही यावर धंदा चालतो का? मग विंडोजच. सेतू केंद्रवाल्याला लिनक्स टाकून देऊन त्याचा दिवस खराब करू नका. मुलांचा अभ्यास, युट्यूब, फॉर्म भरणं, टायपिंग एवढंच असेल तर मिंट आरामात चालतं.

४. बूट मोड: सगळ्यात जास्त घोळ इथे

दोन पद्धती आहेत. जुनी लेगसी बायोस, ती एमबीआर डिस्कसोबत चालते. नवी यूईएफआय, विंडोजसाठी तिला जीपीटी डिस्क लागते. या जोड्या लक्षात ठेवा: लेगसी आणि एमबीआर, यूईएफआय आणि जीपीटी. पेनड्राइव्ह, बायोसची सेटिंग आणि डिस्क या तिन्ही ठिकाणी एकच जोडी पाहिजे.

साधारण २०१० च्या आधीचे बोर्ड बहुतेक लेगसीच असतात. २०१२ नंतरचे बहुतेक दोन्ही करतात, आणि खरी गंमत तिथेच होते कारण ते दोन्हीत बूट होतात आणि तुम्हाला कळत नाही की आत्ता कुठल्यात झालं. चालू विंडोजमध्ये रनमध्ये जाऊन एमएसइन्फो३२ टाइप केलं की बायोस मोड समोर लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं असतं. पण ते फक्त आत्ताची विंडोज कशी बूट झाली तेवढंच सांगतं. बोर्डाला काय काय येतं ते बायोसमध्येच बघायला लागतं, बूट किंवा सीएसएम (लेगसी चालवायची सोय) नावाच्या पानावर.

मी काय निवडतो? बोर्डाला यूईएफआय येत असेल आणि डिस्क पूर्ण साफ करायची असेल तर यूईएफआय आणि जीपीटी. पण २०११-१२ च्या काही बोर्डांचं यूईएफआय अर्धवट असतं, तिथे एकदा नीट करून जमलं नाही तर हट्ट सोडा आणि लेगसीवर जा. डिस्क २ टीबीपेक्षा मोठी नसेल तर लेगसीने घरगुती कामात काही अडत नाही.

५. पेनड्राइव्ह बनवणं

आयएसओ फक्त मायक्रोसॉफ्टच्या किंवा मिंटच्या स्वतःच्या साइटवरून. "सुपर लाइट", "ऑल इन वन", "प्री-अॅक्टिव्हेटेड" नावाने ग्रुपवर फिरणाऱ्या फाइली नकोत, त्यात कोणी काय घालून ठेवलंय सांगता येत नाही आणि त्याच कॉम्प्युटरवरून तुम्ही बँकेत लॉगिन करणार.

मिंट साधारण तीन जीबी आणि विंडोज पाच जीबीपेक्षा जास्त, मोबाइल डेटावर उतरवताना मध्ये रेंज गेली की फाइल अर्धवट राहते पण नाव मात्र पूर्ण दिसतं. म्हणून हॅश, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, मग पुढे डॅश लावून हॅशफाइल, मग फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं इंग्रजीत टाइप केलं की लांबलचक आकडा येतो. तो साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे, सगळाच्या सगळा.

मग रुफस. मदतीचा कॉम्प्युटर विंडोज ७ वाला असेल तर रुफसचं ४ नंबरचं व्हर्जन चालत नाही, ३.२२ घ्यायला लागतं. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम तुम्ही चौथ्या पायरीत ठरवलं तीच, लेगसीला एमबीआर, यूईएफआयला जीपीटी. पेनड्राइव्हवर आयएसओमधल्या फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट करू नका. फॅट३२ (पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा प्रकार) मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल हल्ली त्याहून मोठी असते. लिनक्सचा पेनड्राइव्ह जुन्या बोर्डावर बूट होत नसेल तर रुफसने विचारल्यावर आयएसओ मोडऐवजी डीडी मोड निवडून परत बनवा.

६. बायोस सेटिंग आणि बूट मेनू

बूट मेनूची बटनं: डेल, लेनोव्हो, एसर, गिगाबाइट यांना एफ१२. एचपीला एफ९. एमएसआयला एफ११. आसूसच्या डेस्कटॉपला एफ८ आणि लॅपटॉपला एस्केप. जुन्या इंटेल बोर्डाला एफ१०. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एफ१२ चा बूट मेनू आधी बायोसमधून चालू करायला लागतो, नाहीतर कितीही बडवा, काही होत नाही.

बायोसमध्ये एवढंच करा: तारीख-वेळ बरोबर, साटा मोड एएचसीआय, आणि बूट मोड ठरवलेला. साटा मोड आत्ताच ठरवा, विंडोज टाकल्यावर बदलायचा नाही. कीबोर्ड बायोसमध्ये चालत नसेल तर यूएसबी लेगसी सपोर्ट चालू करा, त्यासाठी एखादा जुना गोल पिनचा कीबोर्ड हाताशी ठेवलेला बरा.

पेनड्राइव्ह मागच्या बाजूच्या काळ्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर सैल असते, आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टवर जुने इन्स्टॉलर अडखळतात.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता. घाईघाईत कुठलाही निवडू नका. ठरवलेल्या मोडचाच. निम्म्याहून जास्त "जीपीटी डिस्कवर टाकता येत नाही" किंवा "एमबीआर पार्टिशन टेबल आहे" वाले एरर इथेच जन्माला येतात.

अगदी जुन्या बोर्डांवर पेनड्राइव्ह रिमूव्हेबलमध्ये दिसत नाही, तो हार्डडिस्क प्रायॉरिटीच्या यादीत लपलेला असतो, तिथे वर घ्यायला लागतो. तसं केलं असेल तर इन्स्टॉल झाल्यावर आठवणीने परत खाली करा.

७. पार्टिशन आणि इन्स्टॉल

> इशारा: कॅबिनेटमध्ये दोन डिस्क असतील तर ज्यावर टाकायचं नाही तिची साटा वायर काढून ठेवा, बाहेरच्या डिस्क पण काढा. याने चुकीची डिस्क पुसली जात नाही, आणि विंडोज आपली बूट फाइल भलत्याच डिस्कवर ठेवत नाही.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये डिस्क निवडायच्या पानावर, बॅकअप झालेला असेल तर, सगळी पार्टिशन डिलीट करा आणि अनअलोकेटेड जागा निवडून नेक्स्ट. बाकी पार्टिशन तो स्वतः करतो. तरीही एमबीआर-जीपीटीचा एरर आला तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, आकार बघून आपली डिस्क ओळखा, सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर, क्लीन, आणि शेवटी कन्व्हर्ट जीपीटी किंवा कन्व्हर्ट एमबीआर. क्लीनला "नक्की का?" असं विचारायची सवय नाही, एंटर दाबलं की डिस्क रिकामी. म्हणून नंबर दोनदा वाचा.

डी ठेवायचा असेल तर फक्त जुनी विंडोज असलेलं पार्टिशन डिलीट करा आणि डिस्कचा प्रकार बदलायच्या भानगडीत पडू नका. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशन होतात. आधीच चार असतील तर पाचवं बनत नाही आणि इन्स्टॉलर नीट कारण पण सांगत नाही.

मिंटमध्ये पूर्ण डिस्क द्यायची असेल तर इरेज डिस्क, सोपं काम. "समथिंग एल्स" निवडलं तर खाली बूटलोडर (सिस्टिम चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) कुठे टाकायचा ती ओळ असते, तिथे आतली डिस्क आहे ना ते बघा. पेनड्राइव्ह निवडला गेला तर पुढे पेनड्राइव्ह लावल्याशिवाय कॉम्प्युटर चालूच होणार नाही. यूईएफआय असेल तर ईएफआय पार्टिशन पण लागतं.

८. मध्येच अटकलं तर

आधी हार्डडिस्कचा लाइट बघा. लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे, जुन्या डिस्कवर एकाच टक्क्यावर बराच वेळ थांबतं, चहा पिऊन या. लाइट सलग पेटून राहिला आणि डिस्क टक-टक करतेय तर डिस्क गेली. लाइट पूर्ण बंद, माउस पण हलत नाही, तर रॅम किंवा उष्णता.

- ०एक्स८००७०५७० हा एरर: फाइल वाचता आली नाही. आधी पेनड्राइव्ह आणि पोर्ट बदला, मग आयएसओचा हॅश, मग रॅम, मग डिस्क, या क्रमाने.
- "नवीन पार्टिशन बनवता आलं नाही": बूट मोड चुकला, नाहीतर पेनड्राइव्ह हार्डडिस्कच्या यादीत पहिला आहे.
- सीडी-डीव्हीडी ड्रायव्हर मागतोय: विंडोज ७ आणि निळा पोर्ट. काळ्या पोर्टला लावा.
- मेमरी मॅनेजमेंटची निळी स्क्रीन: रॅम, परत मेमटेस्ट.
- लिनक्समध्ये स्क्वॉशएफएस एरर: डाउनलोड अर्धवट किंवा पेनड्राइव्ह खराब.
- लिनक्समध्ये लोगोनंतर काळी स्क्रीन: ग्राफिक कार्ड. बूट मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा, नाहीतर ई दाबून क्वाएट स्प्लॅशच्या पुढे नोमोडसेट लिहा आणि एफ१०.

९. झालं म्हणाला, पण बूट होत नाही

पहिला रिस्टार्ट होताना पेनड्राइव्ह तसाच असतो, स्क्रीनवर "प्रेस एनी की" येतं, आपण सवयीने बटन दाबतो आणि इन्स्टॉलेशन परत पहिल्यापासून सुरू. बटन दाबू नका, किंवा रिस्टार्ट होतानाच पेनड्राइव्ह काढा.

पेनड्राइव्ह काढल्यावर नो बूटेबल डिव्हाइस आलं तर लगेच परत इन्स्टॉल करायला घेऊ नका. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर साटा वायर आणि पॉवर वायर. दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये ती पहिली करा. यूईएफआयमध्ये डिस्कच्या नावाऐवजी विंडोज बूट मॅनेजर किंवा उबंटू असं नाव असतं, मिंटचं पण उबंटूच दिसतं, तेच वर घ्यायचं. तरी नाही तर इन्स्टॉल एका मोडमध्ये झालंय आणि बायोस आता दुसऱ्या मोडमध्ये बघतोय, मोड बदलून एकदा बघा. यातलं काहीच नसेल तरच पुन्हा सातव्या पायरीवर.

निळी स्क्रीन आणि त्यावर इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असेल तर साटा मोड बदललाय. फोटो काढले होते ना, ते बघून होता तसा करा.

१०. ड्रायव्हर, प्रिंटर, मराठी

वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने लावा, यूएसबी टेदरिंग चालू करा, विंडोज आणि मिंट दोघांनाही नेट मिळतं. मग विंडोजमध्ये अपडेट, मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर. ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नका.

प्रिंटरबाबत आधीच सांगतो, कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं म्हणजे डोकेदुखी आहे, तो प्रिंटर रोज लागत असेल तर तिसऱ्या पायरीतच विंडोजचा निर्णय घ्या. एचपी लेझरजेट १०२० मिंटवर चालतो, फक्त एचपीलिप (एचपीचा लिनक्स ड्रायव्हर) आणि त्याचं प्लगइन टाकायला लागतं, आणि त्यावेळी नेट पाहिजे.

मराठीसाठी विंडोज १० मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घेतलं की इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. जुने फॉन्ट पहिल्या पायरीत जपले होते ते आता टाका.

विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलं असेल आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी मागे-पुढे होत असेल तर बॅटरी बदलायला पळू नका. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज भारताची, फरक तेवढाच येतो. मिंटला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं. घड्याळ कुठल्यातरी भलत्याच साली गेलं तर मात्र बॅटरीच.

शेवटी मशीन पूर्ण बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद, रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी चालू करून तारीख, साटा मोड आणि बूट ऑर्डर तिन्ही जागेवर आहेत का बघा. एक प्रिंट काढा, एक व्हिडिओ आवाजासकट चालवा, आणि मगच मालकाला घेऊन जायला सांगा.